शेवटचे पन्नास मायक्रॉन

अपघातात चेपलेला दरवाजा दुरुस्त होऊन गाडी गॅरेजमधून घरी येते. दिवसाउजेडी पाहिले तर रंग बेमालूम जुळलेला असतो. रात्री गाडी पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली उभी केली की फरक कळतो. मागच्या, न रंगवलेल्या दरवाजावर ट्यूबचे प्रतिबिंब सरळ रेघेसारखे उमटते. पुढच्या दरवाजावर तीच रेघ थरथरते आणि तिच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. मालकाला वाटते, रंग हलका वापरला. बहुतेक वेळा रंगाचा यात काही दोष नसतो. फरक असतो रंगावरच्या पारदर्शक थरात. गॅरेजच्या भाषेत त्याला नुसते ‘क्लिअर’ म्हणतात.

हा थर साधारण ४० ते ६० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा धरला, तर क्लिअरचा थर त्याहून पातळ. गाडीची चमक, रंगाची खोली, ऊन, पाऊस आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून होणारे संरक्षण, हे सगळे या थरावर अवलंबून असते. आजच्या बहुतेक गाड्यांवर खालचा रंग, म्हणजे बेस कोट, वाळल्यावर मुळी चमकतच नाही. तो खडूसारखा मंद दिसतो. कोरडी शहाबादी फरशी पाण्याने पुसली की तिचा काळसर निळा रंग एकदम खुलतो, तसा बेस कोट क्लिअरखाली खुलतो. दोन्हीकडे कारण एकच आहे: खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि वर सपाट पारदर्शक थर आला की हे विखुरणे थांबते.

चमक म्हणजे सपाटपणा. क्लिअरवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के वरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. उरलेला आत जातो, बेस कोटमधल्या रंगकणांवर आणि धातूच्या बारीक चकत्यांवर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. ते चार टक्के किरण एकाच दिशेने परतले, तर डोळ्यांना आरसा दिसतो. वेगवेगळ्या दिशांना गेले, तर पृष्ठभाग धुरकट वाटतो. कारखान्यांत ही चमक ग्लॉसमीटरने मोजतात. ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून किती परत येतो ते पाहायचे. गुळगुळीत काळ्या काचेचे माप १०० मानलेले आहे, आणि चांगल्या क्लिअरचे माप ९०च्या आसपास किंवा वर असते.

मात्र मीटरवर ९० आले तरी ट्यूबची रेघ थरथरू शकते. अतिसूक्ष्म खडबडीतपणामुळे चमक मंदावते. मिलिमीटरभर ते सेंटिमीटरभर अंतरावरच्या लाटांनी प्रतिबिंब वाकते. या दुसऱ्या दोषाला पेंटर ‘ऑरेंज पील’, म्हणजे संत्र्याची साल म्हणतात. असा पृष्ठभाग चमकतो खरा, पण त्यात चेहरा नीट दिसत नाही.

मोटारींवर अशी चमक आणणे हे मुळात महिनाभराचे काम होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्यांप्रमाणेच मोटारींनाही तेलाचे रंग आणि व्हार्निश ब्रशने लावत. एक हात वाळला की घासायचा, मग पुढचा हात. यात कित्येक आठवडे जात. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनी आणि जनरल मोटर्स यांनी मिळून नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला, झटपट वाळणारा ‘ड्यूको’ लॅकर आणला. १९२४च्या ओकलंड मोटारीवर तो निळ्या रंगात झळकला. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ पासून फक्त काळ्या रंगात निघत होती, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. त्या लॅकरचे नाव आपल्याकडे इतके रुळले, की आजही फर्निचरच्या कारखान्यात चकचकीत स्प्रे फिनिशला ‘ड्यूको’च म्हणतात, डब्यावर नाव कोणतेही असो.

एवढ्या झटपट वाळणारा लॅकर ब्रशने नीट पसरत नाही. त्याला स्प्रे गन हवी. ही गन आली दवाखान्यातून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिलबिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण तयार केले. त्यांचे पुत्र थॉमस यांनी तेच तत्त्व वापरून रंग फवारणारी गन विकसित केली. हवेच्या जोरावर द्रवाचे बारीक थेंब करायचे, हे तत्त्व आजच्या गनमध्येही तेच आहे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर, पेंटरांच्या तोंडी ‘एनसी’, फक्त थिनर उडून गेल्याने वाळतो. त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून थिनर लागला की कित्येक वर्षांनंतरही तो विरघळतो. जुनी गाडी घेताना दरवाजाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरचा बोळा फिरवून पाहावा. रंग बोळ्याला आला, तर तिथे एनसीचे काम झाले असण्याची शक्यता मोठी. आजचे क्लिअर वेगळे आहे. ते ‘टू-के’, म्हणजे दोन घटकांचे असते. एका डब्यात ॲक्रिलिक रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पॉलियुरेथेनचे जाळे तयार होते. या रसायनशास्त्राचा पाया जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी १९३७ साली घातला. एकदा जाळे पक्के झाले की त्याला ना पेट्रोल विरघळवते, ना थिनर.

म्हणूनच मिश्रणाचे प्रमाण अंदाजाने धरून चालत नाही. बऱ्याच क्लिअरमध्ये दोन भागांना एक भाग हार्डनर आणि लागलाच तर थोडा थिनर असे प्रमाण असते, पण ते प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि डब्यावर लिहिलेले असते. खुणांचा कप वापरून ते काटेकोर मोजावे लागते. लवकर कडक व्हावे म्हणून हार्डनर वाढवला, तर थर ठिसूळ होतो आणि पुढे तडकतो. कमी पडला, तर मऊ राहतो आणि चमक उतरते. पुरवठ्याला यावे म्हणून थिनर ओतत गेले, की गनमधून क्लिअर सुरेख निघते, दरवाजा त्या संध्याकाळी झगमगतो, आणि आठवड्याभरात मंद पडतो. जास्तीचा थिनर सावकाश उडत राहतो, थर आकसत जातो आणि खालच्या घासल्याच्या रेघा वर दिसू लागतात.

क्लिअर खालचे काहीही लपवत नाही, उलट ठळक करते. त्यामुळे चमकेचे निम्म्याहून अधिक काम गन हातात घेण्याआधी होते. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केल्यावर पुट्टी, पुट्टी घासल्यावर प्रायमर सरफेसर. जाणता पेंटर सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतो आणि मग वॉटर पेपर लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर गुंडाळून घासतो. उंच भागावरचा काळा रंग आधी जातो, खळग्यातला उरतो. जिथे काळे दिसते तिथे काम बाकी आहे. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या दाबाचे चर पडतात, आणि ते चर क्लिअरखाली उन्हात स्पष्ट दिसतात. शेवटचे घासणे साधारण ६०० ते ८०० नंबरच्या पेपरने होते.

मग सफाई. इथे सर्वांत मोठा शत्रू सिलिकॉन. डॅशबोर्ड आणि टायर चकाकवणाऱ्या पॉलिशमध्ये ते असते. त्याचा बोटाएवढा डाग पत्र्यावर राहिला, तरी क्लिअर त्या जागेवरून मागे सरते आणि मधे गोल खळगा पडतो. पेंटर याला ‘फिश आय’ म्हणतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे: मेण आणि तेल काढणारे द्रव एका स्वच्छ फडक्याने लावायचे आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिले तर डाग फक्त पसरतो. सगळ्यात शेवटी चिकट फडक्याने धूळ टिपायची.

आता गन. क्लिअरसाठी सहसा १.३ किंवा १.४ मिलिमीटरचा नोझल लावतात. पत्र्यापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर. गन पत्र्याला काटकोनात आणि समांतर सरकली पाहिजे. त्यासाठी मनगट नव्हे, अख्खा हात हलवावा लागतो. मनगट वळले की फवाऱ्याचा मार्ग कमानीसारखा होतो आणि मधे जाड, कडांना पातळ थर बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा किंवा त्याहून अधिक चढवायचा. ट्रिगर दरवाजाच्या कडेबाहेर दाबायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर सोडायचा. सहसा दोन हात मारतात. पहिला बेताचा, दुसरा भरपूर ओला. दोन्हींच्या मधे काही मिनिटे थांबायचे. किती, ते बोटाने कळते: शेजारच्या मास्किंग पेपरवर पडलेल्या क्लिअरला बोट लावले आणि ते चिकट लागले, पण बोटाबरोबर तार ओढली गेली नाही, की दुसऱ्या हाताची वेळ झाली. घाई केली तर आतला थिनर वरच्या थरातून फुटून बाहेर येतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात.

सारे कसब कशात आहे, हे थेंबांचे वागणे पाहिले की कळते. गनमधून निघालेले लाखो थेंब पत्र्यावर सुटे पडतात. त्यांनी एकमेकांत मिसळून सपाट व्हायचे असते. पृष्ठताण त्यांना सपाट ओढतो. त्याच वेळी थिनर उडत असतो आणि द्रव घट्ट होत असतो. सपाट होण्याआधी घट्ट झाला, तर संत्र्याची साल तिथेच गोठते. फार वेळ पातळ राहिला, तर उभ्या पत्र्यावर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि ओघळ येतो. बॉनेट आडवे असल्याने तिथे भरपूर ओला हात चालतो. दरवाजावर तोच हात ओघळतो. चांगला पेंटर ओघळ येण्याच्या किंचित अलीकडे थांबतो. तो पत्र्याकडे सरळ न पाहता तिरपे, दिव्याच्या प्रतिबिंबाकडे पाहत गन चालवतो. प्रतिबिंब जुळून आले की पुढे सरकायचे.

हा वेळ हवामान ठरवते, म्हणून एकच क्लिअर नागपुरात आणि रत्नागिरीत सारखे वागत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो. तिथे झटपट उडणारा थिनर वापरला तर थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर आणि सावकाश हार्डनर लागतो, आणि काम सकाळी लवकर उरकावे लागते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात वेगळेच संकट येते. थिनर उडताना पत्र्यावरची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. एनसी लॅकर अशा वेळी दुधासारखा पांढरट होतो. म्हणून जुने पेंटर पावसात रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारे द्रावक, घालत. टू-के क्लिअरला पाण्याचे वावडे त्याहून जास्त. हार्डनर पाण्याशी संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बुडबुडे किंवा मंदपणा येतो.

पाणी फक्त हवेतून येते असे नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. पुढे पाइपात ती थंड झाली की वाफेचे पाणी होते आणि गनमधून क्लिअरबरोबर बाहेर पडते. टाकीतले पाणी रोज काढणे आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावणे, एवढी शिस्तही अनेक दोष टाळते.

धूळ हा गल्लीतल्या गॅरेजचा रोजचा झगडा. मोठ्या वर्कशॉपमध्ये बंद बूथ असतो. त्यात छतातून गाळलेली हवा खाली उतरते आणि जमिनीतून बाहेर ओढली जाते. लहान गॅरेजमध्ये पेंटर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक बांधून आडोसा करतात, जमिनीवर पाणी मारतात आणि लोक, गाड्या कमी फिरतात ती वेळ धरतात. बूथमध्ये आणखी एक सोय असते. फवारल्यावर तिथले तापमान वाढवून पत्रा सुमारे ६० अंशांवर अर्धा तास भाजता येतो. कारखान्यात नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावरचे क्लिअर साधारण १४० अंशांना भाजतात. दुरुस्तीच्या गाडीत सीट, वायरिंग, प्लॅस्टिक आणि इंधन असते, त्यामुळे तेवढी उष्णता देता येत नाही. ही उणीव हार्डनर भरून काढतो. भट्टी नसेल, तर किमान एक रात्र थांबावे लागते, आणि पूर्ण कडकपणा यायला त्याहून बरेच दिवस जातात.

एवढे करूनही एखादा धुळीचा कण बसतोच. तो काढता येतो. क्लिअर पुरेसे कडक झाल्यावर १५०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा, मग २०००, मग ३०००. पृष्ठभाग पूर्ण मंद, एकसारखा राखाडी दिसू लागला की रबिंग कंपाउंड लावून पॉलिशरने चमक परत आणायची. संत्र्याची सालही अशीच सपाट करतात. पण प्रत्येक फेरीत काही मायक्रॉन कमी होतात, आणि हाती असतात एकूण पन्नासच. दरवाजाची धार आणि बॉनेटच्या उंच रेषा इथे थर मुळातच पातळ असतो. तिथे पॉलिशर क्षणभर रेंगाळला तरी बेस कोट उघडा पडतो. म्हणून काळजीवाले पेंटर धारांवर मास्किंग टेप लावून ठेवतात.

थर पातळ करण्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते. क्लिअरमध्ये सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती संपली किंवा थरच पातळ झाला, की किरण खालपर्यंत पोहोचतात आणि बेस कोट आणि क्लिअर यांची पकड सुटते. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात, ते यामुळे. अशा पापुद्र्यांवर पॉलिशचा उपयोग नाही, आणि वरून नवे क्लिअर मारले तर तेही सुटते. जुने क्लिअर पूर्ण घासून, पुन्हा बेस कोट मारूनच ते काम होते. म्हणून दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेण्याची सवय गाडीला महागात पडते.

घरी सायकलची फ्रेम किंवा लाकडी खोका रंगवणाऱ्यांना स्प्रे कॅनमधूनही चांगली चमक मिळते. कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवला तर आतला दाब वाढतो आणि थेंब बारीक पडतात. तो शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नये, फुटतो. आतली गोळी वाजू लागल्यावर दोन मिनिटे हलवावा. आधी वीसेक सेंटिमीटरवरून दोन विरळ हात, मग एक ओला. साध्या कॅनमधले क्लिअर एकाच घटकाचे असते. त्यावर पेट्रोल सांडले तर ते मऊ पडते, म्हणून बाइकच्या टाकीला ते चालत नाही. टाकीसाठी टू-के कॅन मिळतो. त्याच्या तळाचे बटण दाबले की आतला हार्डनर मोकळा होतो, आणि मग ठरावीक तासांतच तो वापरून संपवावा लागतो. हेल्मेट मात्र घरी रंगवू नये. रंगातल्या द्रावकांनी त्याचे कवच कमजोर होऊ शकते.

या चमकेची एक बाजू ग्राहकाला कधी दिसत नाही. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये गळती झालेला मिथाइल आयसोसायनेट हा याच कुळातला, पण अतिशय बाष्पशील आणि कितीतरी अधिक घातक पदार्थ. हार्डनरमधले रेणू जड असतात आणि सहसा वाफ होऊन पसरत नाहीत. पण गनमधून उडणारे त्यांचे धुके श्वासात गेले, तर दमा जडू शकतो. स्प्रे पेंटरांचा हा जगभर ओळखला जाणारा व्यावसायिक आजार आहे. एकदा शरीर त्याबाबत संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणते आणि अनेकांना धंदाच सोडावा लागतो. घातक प्रमाण वासावरून कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे काहीच अडवत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क. त्याखालोखाल कार्बनचे काडतूस आणि कणांचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, तोही काडतूस वेळेवर बदलले तर. हातमोजे आणि अंगभर कपडेही हवेत, कारण ही रसायने त्वचेवाटेही त्रास देतात. अनेक लहान गॅरेजांत अजूनही उघड्या चेहऱ्याने किंवा रुमाल बांधून क्लिअर मारले जाते, आणि ते थांबायला हवे.

गाडी रंगायला देताना ग्राहकाने काही गोष्टी विचारायलाच हव्यात. क्लिअर टू-केच आहे ना? हार्डनर त्याच कंपनीचा आहे ना? भट्टी आहे की रात्रभर सुकवणार? गाडी ताब्यात घेताना ती ट्यूबलाइटखाली उभी करून जुन्या आणि नव्या पत्र्यावरच्या रेघा ताडून पाहाव्यात. पहिला आठवडा गाडी धुऊ नये, आणि वॅक्स साधारण महिनाभर लावू नये, म्हणजे उरलासुरला थिनर बाहेर पडायला वाट राहते. ‘उद्या संध्याकाळी गाडी हवी’ हा हट्ट सोडून एक दिवस जास्त दिला, तर वाळण्याची घाई टळते आणि थर नीट बसतो. आणि जे गॅरेज आपल्या पेंटरला हवा पुरवणारा मास्क देते, त्याचे बिल थोडे जास्त आले, तरी काम तिथेच द्यावे.